क्लॅरिनेटमधले पाणी आणि अडखळणारे स्वर

क्लॅरिनेट वाजायला लागून दहा-पंधरा मिनिटे झाली, की नळीच्या आत पाण्याचे थेंब जमू लागतात. ही लाळ आहे, असा बहुतेकांचा समज असतो. लाळेचा अंश त्यात असतो हे खरे, पण बरेचसे पाणी श्वासातल्या बाष्पाचे असते. तोंडातून निघणारी हवा साधारण ३४ अंश सेल्सिअसची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. या तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावते. तीच हवा २० अंशांपर्यंत निवली की जेमतेम १७ ग्रॅम मावते. उरलेल्याला कुठेतरी उतरावेच लागते. गार पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो क्लॅरिनेटला आतून फुटतो. फुंकर पहिल्यांदा जिथे लागते त्या जागी, म्हणजे माउथपीसखालचा आखूड बॅरल आणि त्याखालचा वरचा भाग इथे, तो सर्वांत जास्त. वाद्य भारी असो वा साधे, पाणी होणारच. ते कुठून वाहते आणि कुठे थांबते, यावर मात्र वादकाचा बराच ताबा असतो.

हे पाणी एवढे महत्त्वाचे का, ते वाद्याच्या रचनेवरून कळते. नेहमीचे बी फ्लॅट क्लॅरिनेट सुमारे ६६ सेंटिमीटर लांब असते आणि त्याच्या आतल्या पोकळीचा व्यास जेमतेम १५ मिलिमीटर. माउथपीस, बॅरल, वरचा भाग, खालचा भाग आणि बेल असे पाच तुकडे जोडून ते उभे राहते. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बोम पद्धतीच्या वाद्यात १७ चाव्या, ६ कड्या आणि २४ छिद्रे असतात. काही छिद्रे थेट बोटांनी झाकली जातात, बाकीच्यांवर चावीला चिकटवलेले मऊ पॅड बसते. सर्वांत खालचा स्वर काढायचा तर त्याच्या वरचे प्रत्येक छिद्र पुरते बंद हवे. त्यांतले एकही केसभर उघडे राहिले, तर खालचे स्वर लंगडे होतात.

क्लॅरिनेटचा इतिहास बऱ्याच अंशी हवा गळू न देण्याचा इतिहास आहे. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर याने १७०० च्या सुमारास शालुमो या जुन्या वाद्यातून क्लॅरिनेट घडवले, तेव्हा त्याला दोनच चाव्या होत्या. पुढे चाव्या वाढत गेल्या, पण चामड्याच्या सपाट चकत्या छिद्रावर नीट बसत नसत. म्हणून चावी जितकी जास्त तितकी गळतीची भीती जास्त. इव्हान म्यूलर याने आत भरण घातलेली गुबगुबीत पॅडे वापरून १३ चाव्यांचे वाद्य केले. पॅरिसच्या संगीत विद्यालयाने १८१२ मध्ये ते नाकारले, तरी पॅडची कल्पना टिकली. ती नसती, तर पुढे वादक क्लोझे आणि कारागीर ब्यूफे यांनी रचलेली आणि १८४४ मध्ये पेटंट मिळालेली आजची बोम पद्धतीची मांडणी व्यवहारात येणेच अवघड होते. पाणी घात करते ते याच पॅडांचा.

वाजवताना क्लॅरिनेट तिरपे धरलेले असते. त्यामुळे पाणी नळीच्या मागच्या भिंतीवरून, म्हणजे वादकाच्या अंगाकडच्या बाजूने, खाली ओघळते. या बाजूला अंगठ्याचे छिद्र आणि वरच्या सप्तकात जाण्यासाठी उघडायच्या रजिस्टरच्या चावीचे छिद्र येते, हे कारागिरांना ठाऊक होते. म्हणून या दोन्ही छिद्रांत धातूची छोटी नळी बसवून ती आतल्या पोकळीत किंचित पुढे काढलेली असते. पाण्याचा ओघळ तिला वळसा घालून जातो. बाजूच्या छिद्रांना असे संरक्षण नसते. त्यांतही वारंवार भरणारी छिद्रे ठरलेली असतात: डाव्या करंगळीच्या सी शार्प–जी शार्प चावीचे, उजव्या तर्जनीने उघडायच्या बाजूच्या चाव्यांपैकी सर्वांत खालचे, आणि वरच्या टोकाची ए आणि जी शार्पची छिद्रे. छिद्रात थेंब अडकला की पृष्ठताणामुळे त्याचा पडदा तयार होतो. चावी उघडली तरी पडदा तुटत नाही. हवा त्यातून बुडबुडत बाहेर येते आणि स्वराऐवजी गुरगुर ऐकू येते. ही गुरगुर एखाद्याच स्वरावर येत असेल, तर दोष रीडचा, म्हणजे माउथपीसवरच्या कंप पावणाऱ्या पातीचा, नसून त्या एका छिद्रातल्या पाण्याचा आहे, असे बिनधास्त धरावे.

कार्यक्रम चालू असताना यावर दोन उपाय चटकन करता येतात. ती चावी उघडी ठेवून छिद्रावर तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर मारली, की थेंब पोकळीत परत जातो. त्यानंतर पॅड आणि छिद्राच्या मध्ये सिगारेट वळायचा पातळ कागद ठेवून चावी हलकेच दाबली, की उरलेली ओल कागदात येते. कागदाची डिंक लावलेली कड आधी कापून टाकावी. ती ओली होऊन पॅडला लागली तर पॅड प्रत्येक वेळी चिकट आवाज करत उघडू लागते. कागद दाबलेला असताना ओढू नये. जुन्या पॅडचा नाजूक पापुद्रा अशा ओढण्यानेच फाटतो. चिकटलेल्या पॅडवर टाल्कम पावडर टाकायची सवय काही जणांना असते. ती वाईटच, कारण ओलीत मिसळून तिचा लगदा होतो आणि छिद्राच्या काठावर थर बसतो.

हे झाले तात्पुरते. पाण्याचा खरा बंदोबस्त आतून फिरवायच्या कपड्याने होतो. पाण्याचा एकदा ओघळ पडला, की पुढचे थेंब त्याच ओल्या रेषेने जातात. तो ओघळ एखाद्या छिद्रावरून गेला, तर ते छिद्र दर पाच मिनिटांनी भरत राहते. कपडा फिरवल्याने पाणी तर निघतेच, शिवाय ती रेषाही पुसली जाते. म्हणून तासाभराच्या सरावानंतर एकदाच वाद्य पुसण्यापेक्षा मधल्या विश्रांतीत दोन-तीनदा कपडा ओढणे चांगले. कपडा रेशमी किंवा जुन्या मऊ सुती कापडाचा असावा आणि त्याच्या दोरीच्या टोकाला लहानसे वजन असावे. माउथपीस काढून ठेवावा, वजन बेलमधून आत सोडावे आणि कपडा बॅरलच्या बाजूने बाहेर ओढावा. पाणी वरच्या टोकाला जास्त असते, त्यामुळे या दिशेने ओढल्यास ओल कोरड्या भागात पसरत नाही.

ओढण्याआधी कपडा पूर्ण उलगडून घ्यावा, ही सूचना बारीक वाटली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. रजिस्टरची नळी पोकळीत पुढे आलेली असते. गोळा झालेला किंवा गाठ पडलेला कपडा नेमका तिथे अडकतो. मग जोर लावून पुढे ओढले तर तो अधिकच घट्ट बसतो. अडकलेला कपडा ज्या बाजूने आला त्याच बाजूने मागे घ्यावा, आणि तोही येत नसेल तर सळई न घालता दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. सळईचा एक ओरखडा आतली भिंत कायमची बिघडवतो. तुकडे सुटे केल्यावर सांध्यांच्या खाचाही पुसाव्यात. तिथे लाकडाचे उघडे टोक असते. ते पाणी भराभर पिते आणि फुगते. दुसऱ्या दिवशी सांधे निघता निघत नाहीत, ते यामुळेच.

क्लॅरिनेटचे लाकूड पूर्व आफ्रिकेतल्या टांझानिया, मोझांबिक या देशांतून येते. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन. आपल्याकडचा शिसव याच डाल्बर्जिया गटातला. हे लाकूड अतिशय घन आणि तेलकट, त्यामुळे पाणी सहजासहजी शोषत नाही, पण शोषतच नाही असे नाही. गार पडलेल्या वाद्यात गरम श्वास शिरला, की आतला थर ओला आणि उबदार होऊन प्रसरण पावतो, तर बाहेरचा थर गार आणि कोरडाच राहतो. हा ताण लाकडाला असह्य झाला की तडा जातो. तडे बहुधा वरच्या भागात, बाजूच्या चाव्यांच्या छिद्रांपाशी जातात, कारण तिथे छिद्रांमुळे लाकूड आधीच कमी झालेले असते. म्हणून गार वाद्यात नुसती वाफ फुंकून ते तापवू नये. वरचा भाग हातात किंवा काखेत धरून बाहेरून कोमट करावा. नवीन लाकडी वाद्य पहिले काही आठवडे दिवसाला १५-२० मिनिटेच वाजवावे आणि हळूहळू वेळ वाढवावा.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन टोकांना दोन तऱ्हेने येतो. कोकणात, तसेच शेजारच्या गोव्यात, पावसाळ्याचे चार महिने हवाच इतकी दमट असते, की लाकूड फुगून सांधे आवळतात, पेटीच्या अस्तराला बुरशी धरते आणि चाव्यांच्या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांना गंज चढतो. गंजलेली स्प्रिंग आधी सैल पडते आणि मग ऐन वाजवताना तुटते. ओला कपडा वाद्याबरोबर पेटीत कोंबणे इथे सर्वांत घातक. तो बाहेरच वाळवावा आणि पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. उलट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, बॅरलवरची धातूची कडी हाताने फिरू लागते. कडी सैल होणे ही तडा जाण्याआधीची स्पष्ट सूचना आहे. अशा दिवसांत पेटीत थोडी ओल हवी, आणि वाद्य उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, किंवा प्लॅस्टिकच्या वाद्यांना तड्याची चिंता फारशी नसते. लग्नाच्या वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत, भर पावसात वाजवायला तीच योग्य. त्यांतही पाणी तेवढेच होते. पॅडे भिजायची ती भिजतातच.

वाजवता वाजवता वाद्य खाली ठेवायची वेळ येते, तेव्हा ते खुंटीच्या स्टँडवर उभे करणे सर्वांत उत्तम. आडवे ठेवावे लागले तर बाजूची छिद्रे खाली येणार नाहीत, हे पाहावे. पाच मिनिटे चुकीच्या कुशीवर पडलेल्या वाद्यातले पाणी सरळ पॅडांत उतरते.

आता स्वर न उमटण्याकडे, म्हणजे वाद्याने दाद न देण्याकडे वळता येईल. फुंकर घातली तरी स्वर उशिरा येतो, चिरकतो, वरच्या स्वरावर उडी मारतो किंवा नुसती हवा जाते. अशा वेळी दोष वादकाच्या ओठांना दिला जातो. नवशिक्याला तर हमखास. पण बहुतेक वेळा कारण रीडमध्ये किंवा गळतीत असते. शोध वरून खाली, ठरल्या क्रमाने घ्यावा: आधी रीड, मग माउथपीस, मग वरचा भाग, मग खालचा. हा क्रम मोडून थेट स्क्रू पिळायला घेतले, तर एका दोषाचे तीन होतात.

रीड बोरूच्या जातीच्या उंच गवताची असते. या गवताचे नाव अरुंडो डोनॅक्स आणि उत्तम पीक दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातले. रीडचे टोक सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते. ऑर्केस्ट्रा ज्या ए स्वरावर वाद्ये जुळवतो तो स्वर काढताना ती सेकंदाला ४४० वेळा उघडझाप करते. ती नीट वाळली नाही की टोक लाटेसारखे वाकडे होते आणि माउथपीसवर सपाट बसत नाही. अशी रीड मिनिटभर पाण्यात भिजवून काचेवर अंगठ्याने दाबली, तर बहुधा सरळ होते. नंतर एक सोपी कसोटी घ्यावी. रीड लावलेल्या माउथपीसचे खालचे तोंड तळहाताने बंद करून दुसऱ्या बाजूने हवा आत ओढावी. रीड क्षणभर चिकटून राहून मग ‘टप्’ असा आवाज करत सुटली, तर बैठक ठीक आहे. ती चिकटतच नसेल, तर रीड वाकडी आहे, रीड बांधून ठेवणारा लिगेचर तिरका आहे किंवा माउथपीसची कड झिजली आहे. रीडच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसभर दिसावी. ती जास्त दिसली तर स्वर हलका पण चिरका होतो, दिसलीच नाही तर जड होतो. तीन-चार रीड आलटून-पालटून वापरणे आणि वाजवून झाल्यावर सपाट पृष्ठाच्या डबीत ठेवणे, यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

माउथपीस धुवायचा तर कोमट पाण्याने. गरम पाण्याने एबोनाइट हिरवट पडते आणि वाकू शकते. आतून कपडा रोज ओढू नये, कारण टोकाजवळची कड फार नाजूक असते. पांढरा क्षार बसला असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून सुती कापडाने पुसावा.

हे सर्व ठीक असूनही खालचे स्वर येत नसतील, तर गळती शोधावी लागते. वरचा भाग सुटा घ्यावा, खालचे तोंड तळहाताने बंद करावे, छिद्रांवर बोटे ठेवावीत आणि वरून हवा ओढावी. ओढ धरून राहिली पाहिजे. ती लगेच सुटत असेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे. नंतर सिगारेटच्या कागदाची अगदी अरुंद पट्टी एकेका पॅडखाली ठेवून चावी हलकेच मिटावी आणि पट्टी सरकवून पाहावी. चारही बाजूंना सारखीच पकड जाणवली पाहिजे. एका बाजूने पट्टी अलगद निघाली, तर पॅड तिथे टेकत नाही. इथे पॅड न दाबता फक्त पकड अजमावायची असते, आणि हा हात सरावानेच बसतो.

गळतीची जागा कानानेही सापडते. मधल्या स्वरांपासून एकेक पायरी उतरत यावे. ज्या स्वरावर वाद्य पहिल्यांदा कचरते, गळती त्याच्या लगेच वर असते, कारण गळती तिच्या खालच्या सगळ्या स्वरांना बाधते. बोटांच्या पेरांवर कड्यांचे खोल वळ उठत असतील, तर गळती भरून काढण्यासाठी वादक नकळत जोर लावतो आहे, असे समजावे.

काही ठिकाणे हमखास तपासण्याजोगी. वरच्या टोकाला ए आणि जी शार्पच्या चाव्या शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक स्क्रू असतो. तो जरा जास्त पिळला गेला, की ए ची चावी जी शार्पचे पॅड किंचित उचलून धरते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण सगळे वाद्य जड होते. स्क्रू पाव वेढा मागे फिरवून ए ची चावी दाबताना सुरुवातीला अगदी थोडी मोकळीक जाणवेल, इतका ठेवला की वाद्य मोकळे होते. दुसरी जागा म्हणजे दोन भागांना जोडणारा चावीचा पूल. जोडताना तो नीट समोरासमोर आला नाही, तर डाव्या आणि उजव्या तर्जनीने मिळून काढायचा बी फ्लॅट बेसूर किंवा चिरका येतो, बाकी सर्व ठीक असते. तिसरी, सी शार्प–जी शार्पची स्प्रिंग. ती कमजोर झाली तर आतल्या हवेचा दाबच पॅड उचलतो आणि जोरात वाजवताना अचानक चिरक उठते. चौथी जागा रजिस्टरची नळी. मधल्या सप्तकाचा बी फ्लॅट स्वर याच इवल्या छिद्रातून येतो आणि वरच्या सप्तकात जायलाही हेच उघडावे लागते. एका छिद्राकडून दोन कामे करून घेतल्यामुळे हा बी फ्लॅट मुळातच घोगरा असतो. त्यात कपड्याची लव साचली तर तो जवळजवळ मिटतो. चावी सोडवता येत असेल तर लोकर गुंडाळलेली तार हलकेच फिरवून नळी साफ करावी. याच चावीचे पॅड गळत असेल तर खालच्या स्वराऐवजी अकरा स्वर वरचा, म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर उमटतो.

फाटलेले पापुद्रे, घट्ट न बसणारी पॅडे, वाकलेले दांडे आणि तडे यांना घरी हात लावू नये. पॅड लाखेने किंवा गरम गोंदाने बसवताना ते छिद्राला समांतर करावे लागते, आणि ते काम अनुभवी हाताचेच आहे. सतत भिजणाऱ्या छिद्रांवर पापुद्र्याऐवजी बुचाची पॅडे बसवून घेतल्यास ती ओलीत फुगत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्याला नुसते ‘वाजत नाही’ असे न सांगता कोणता स्वर, वाजवायला लागल्यावर किती वेळाने, आणि हळू वाजवताना की जोरात, हे सांगावे. वाद्य परत घेताना दुकानातच दोन्ही भागांची हवा ओढून पाहावी. नवीन पॅडे वापराने छिद्रांच्या काठांवर बसतात आणि बसताना किंचित सरकतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी कागदाच्या पट्टीने ती पुन्हा एकदा तपासावीत.